कमलाबाईंचा बाहेरचा प्लग

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "यंदाचा विषय उजेड आहे. तुम्ही जन्मभर उजेडाचंच काम केलंत, तेव्हा तुमचा लेख पाहिजेच." मी हो म्हणालो, कारण तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. फोन ठेवला आणि हसू आलं. उजेडाचं काम मी केलंय कुठे? उजेड पुढच्या बाजूला असतो, मंडपात, स्टेजवर, नवरदेवाच्या घोड्यापुढे. मी त्याच्या मागच्या बाजूला असतो, धुरात आणि ऑइलात. लग्नात जनरेटरवाल्याला कुणी पंगतीला हाक मारत नाही. लाइट गेली की त्याची आठवण होते आणि ती शिवी घेऊनच येते.

वाशीमला पुसद नाक्याच्या पुढे, अनसिंगच्या रस्त्याला माझं वर्कशॉप आहे. आता सांधे बोलायला लागलेत म्हणून रोज उघडत नाही. पण 'आहे' म्हणतो, 'होतं' म्हणायला जीभ वळत नाही. गाडीच्या पोटात जनरेटर बसवणं हे माझं खास काम. आइस्क्रीमच्या गाड्या, फिरते दवाखाने, निवडणुकीचे रथ, बँडवाल्यांचे टेम्पो, सगळ्यांच्या पोटात मी हात घातलेला आहे. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीला जनरेटर दरवर्षी माझाच, आणि फुकट. सांगितलं ना, नाही म्हणणं जमत नाही.

अलीकडच्या काही वर्षांत एक नवंच वेड आलं, घरगाडीचं. जुनी बस नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायचा, सीटा उपटायच्या, आत पलंग, ओटा, मोरी, जमलं तर एसी बसवायचा आणि घरासकट फिरायला निघायचं. मोबाइलवर असले व्हिडिओ पाहून माणसं माझ्याकडे येतात. व्हिडिओतला गोरा माणूस एक बटण दाबतो आणि गाडीत दिवाळी होते. ते बटण कशाला जोडलंय हे व्हिडिओत दाखवत नाहीत. मग फोन माझ्या नाकासमोर धरून सगळे एकच प्रश्न विचारतात, "मिस्त्री, असं काई सस्त्यात बसते का?"

सस्त्यात! या एका शब्दानं माझे केस पांढरे केले. बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. अंगणात ठेवलेला जनरेटर आणि गाडीत बसवलेला जनरेटर यांत फार फरक आहे. अंगणातल्याला मोकळी हवा असते. तो तापला, ओरडला, हादरला, धूर ओकला, तरी आभाळ ते सगळं पोटात घेतं. गाडीतला मात्र माणसाच्या उशाशी असतो. त्याला थंड हवा आत घ्यायला वाट लागते, गरम हवा बाहेर सोडायला दुसरी लागते. हादरा खायला रबर, आवाज खायला जाड अस्तराची लोखंडी पेटी, आणि सगळ्यांत मोठं काम धुराचं. त्याची नळी खिडक्यांपासून लांब, छपराच्या वर न्यावी लागते. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. बंद गाडीत तो साचला की झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. एवढी सगळी तयारी करून कारखान्यातून येणारा घरगाडीचा जनरेटर मिळतो, पण त्याची किंमत ऐकली की गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठतं. मग उरतो मी, भंगारातून चांगला सेट शोधणारा आणि बाकीची पेटी हातानं बनवणारा. गिऱ्हाईक खर्च कापायला बसलं की सगळ्यांत आधी धुराच्या नळीवर बोट ठेवतं. दिसत नाही त्या गोष्टीला पैसे कायले द्यायचे, असा सरळ हिशोब असतो.

सोयाबीनचे एक मोठे अडते आले होते. त्यांना जनरेटर पलंगाखालीच पाहिजे होता.

"बाहीर बसवला तं चोरून नेतीन ना कोनी," शेटजी म्हणाले.

"शेटजी, आत बसवला तं तो तुमालेच घेऊन जाईन," मी म्हणालो.

त्यांना राग आला. दुसऱ्या कुणाकडून त्यांनी तो पलंगाखाली बसवून घेतला. पहिल्याच सहलीत सगळ्या घरादाराची डोकी दुखायला लागली, उलट्या झाल्या, अर्ध्या वाटेतून परत आले. नशीब की खिडकी उघडी होती. आता ती गाडी गोदामात उभी आहे आणि जनरेटर पोत्यांना उजेड देतो. पोत्यांना काही होत नाही. शेटजी मात्र गावभर सांगतात की हा मिस्त्री महागडा आहे. माझ्याकडून त्यांनी साधा नट घेतलेला नाही, तरी मी महाग.

पण मला खरी मस्ती होती ती आवाजाची. चांगला बसवलेला जनरेटर गप्प असतो. एका पुढाऱ्याच्या रथावर मी सेट बसवला, तर त्यांची माणसं घटकेघटकेला येऊन विचारायची, "मिस्त्री, चालू हाय का बंद? काई आयकू येऊन नाई राह्यलं." मी फुशारून जायचो. त्या कटकटीतूनच मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या समोर एक लाल दिवा बसवायचा. करंट आहे तोवर दिवा पेटलेला. गिऱ्हाइकाला सांगायचो, कान लावू नका, दिवा पाहा. आणि पेटी पूर्ण झाली की तिच्या झाकणावर चहाचा भरलेला पेला ठेवून जनरेटर चालू करायचा. चहा सांडला तर पेटी पुन्हा खोलायची. माझी परीक्षा मीच घ्यायचो आणि मीच पास व्हायचो.

एका सकाळी शाळेची जुनी पिवळी बस दारात येऊन उभी राहिली. शाळेचं नाव खरवडलेलं, पण अक्षरांची सावली अजून दिसत होती. खाली उतरले बळीराम राठोड, मानोऱ्याकडच्या एका तांड्याचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. रिटायर झाले तरी अंगात खाकी पँट होतीच. त्यांनी फोनवरचा व्हिडिओ दाखवला नाही. बसमधून एक चौकोनी पांढरं मशीन उचलून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"मिस्त्री, हे मशीन रस्त्यानं चालन असं काई जमते का?"

ते ऑक्सिजनचं मशीन होतं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात सोडणारं. करंट असेल तोवर चालतं, करंट गेला की मुकं होतं. मशीन त्यांच्या बायकोचं, कमलाबाईंचं. लहानपण आईबापाबरोबर वीटभट्ट्यांवर गेलं, पुढचं आयुष्य चुलीपुढे, आणि त्या धुरात दोन्ही फुप्फुसं गेलेली. बसमध्ये त्या ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची नळी नाकाला लावून बसल्या होत्या. मी आत डोकावलो तर म्हणाल्या, "या भाऊ. पाहा माहा संसार. नळी जेवढी लांब, तेवढाच माहा मुलूख."

लेक नाशिकला दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि कमलाबाईंनी नातू फोनवरच पाहिलेला. सिलिंडर तासा-दोन तासांत संपतं, एवढ्या लांब नेणार कसं? लेक येऊन भेटून जायची, पण कमलाबाईंना लेकीचं घर पाहायचं होतं, तिच्या ओट्यावर काय आहे, नळाला पाणी येतं का, हे सगळं. बळीरामभाऊ म्हणाले, "साऱ्या जिल्ह्याले फिरवलं म्या, इले कधी मानोऱ्याच्या पुढे नाई नेलं. तवा म्हने सुट्टी नाई. आता सुट्टी हाय तं हवा नाई."

मी जन्मभर लोकांच्या हौसेसाठी जनरेटर बसवले. एसीसाठी, टीव्हीसाठी, मिक्सरसाठी. हा पहिला होता जो श्वासासाठी बसवायचा होता. मनात म्हटलं, हा आपल्या हातचा सगळ्यात चांगला सेट झाला पाहिजे.

नवीन घेणं त्यांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. मी फोन फिरवायला लागलो. अमरावतीहून एकानं मोबाइल टॉवरचा सेट देऊ केला. तो बसमध्ये बसवला असता तर बळीरामभाऊंना खाली उतरावं लागलं असतं. एकानं पेट्रोलचा, हातात उचलायचा सेट आणून दाखवला. तो गाडीबाहेर दहा हातांवर ठेवायला ठीक, पण चालत्या गाडीत त्याचा काय उपयोग? शेवटी अकोल्याच्या भंगारात एक मोडलेला फिरता दवाखाना उभा असल्याचं कळलं. गाडी सडली होती, पण तिच्या पोटातला डिझेलचा लहान सेट शाबूत होता. मी ऑइलची काडी काढून वास घेतला, धूर पाहिला, भार टाकून इंजिन दबतं का ते पाहिलं. चांगल्या घरातली वस्तू वाईट दिवसांत सापडावी तसं झालं. घासाघीस न करता उचलला.

मग तो सेट पूर्ण खोलला. रिंग, बेअरिंग, वायरिंग सगळं नवं. मागच्या चाकाच्या मागे, बसच्या पोटाखाली पेटी केली, तिचं झाकण मागच्या दाराशी बाहेर येईल अशी. धुराची नळी कमलाबाईंच्या पलंगाच्या दुसऱ्या अंगानं छपरावर नेली. समोर लाल दिवा बसवला. शेवटी पेटीवर पेला ठेवायची वेळ आली तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, चहा मीच ठेवते. नळी सांभाळत त्या मागच्या दारापर्यंत आल्या, पेला ठेवला, मी किल्ली फिरवली. चहा नुसता मधोमध शहारला. त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "अवं, हे तं निजेल लेकरू हाय." बळीरामभाऊंनीही हात ठेवला. ड्रायव्हरच तो. एसटीत जन्म गेला, बॉनेटवर हात ठेवून इंजिनाची तब्येत सांगणारा माणूस. मी म्हटलं, भाऊ, हात नका ठेवू, दिवा पाहा. ते म्हणाले, "दिवा पाहतो ना. पन हाताले समजते."

सगळं झालं असं वाटत होतं, तेवढ्यात कमलाबाईंनी ती गोष्ट काढली.

"भाऊ, बाहीरून एक प्लग द्या."

"कायले?"

"आमी कुठं थांबलो, बाजूले कोनाचं बिऱ्हाड असलं, तं त्यायले लागन ना. फोन लावतीन, बलप लावतीन."

मी समजावलं. हा सेट तुमच्या श्वासासाठी आहे, गावाला वीज देणारी डीपी नाही. आज फोन लावतील, उद्या शेगडी लावतील. त्या ऐकून घेत होत्या आणि हसत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या तांड्यात लहानपनी एकाच घरी काडेपेटी राहे. बाकीच्या साऱ्या बाया गोवरीवर इस्तो घेऊन जात. इस्तो मांगाले आलेल्या बाईले नाई म्हनलं तं घरातली चूल इझते, असं याडी सांगे. दारात उजेड ठेवून शेजाऱ्याले अंधारात बसवू का मी?"

याडी म्हणजे आई. आणि इस्तो म्हणजे विस्तव, हे वऱ्हाडातल्या कुणालाच सांगावं लागत नाही. आमच्या घरीही हाच नियम होता. मी बसच्या बाजूला प्लग काढून दिला, पण माझ्या पद्धतीनं. त्याला स्वतंत्र खटका लावला. जादा भार पडला की आपोआप खाली पडणारा असा खटका असतो. बाहेरच्या प्लगवर कुणी भलतं काही लावलं तर तेवढाच खटका पडेल आणि आतलं मशीन चालू राहील. हे मी दोघांनाही करून दाखवलं. कमलाबाईंनी टाळी वाजवली.

पहिल्यांदा ते लोणारला गेले. परत येताना मुद्दाम वर्कशॉपवर थांबले. बस चालू, मशीन चालू, कमलाबाई खिडकीशी. म्हणाल्या, सरोवराच्या काठावर बसून भजी खाल्ली, नळी खिडकीतून बाहेर घेतली होती, पोरं पाहत होती. एवढं बोलायला त्यांना मधे तीनदा थांबावं लागलं, पण बोलल्या. "आता रामनवमीले पोहरादेवी करतो, अन् तिथूनच सीदं नाशिक." लेकीसाठी ठेचा, कुरड्या आणि नातवासाठी गोधडी बांधून तयार होती. ती गोधडी मला उलगडून दाखवली. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आजवर एवढी कामं केली, पण हे खरं. तिनं मला जेवायला वाढलं. फुशारलेल्या माणसाशी ती बोलत नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बळीरामभाऊंनी सांगितलं आणि थोडं त्यांच्या पुतण्यानं, विलासनं. दोघांचं जुळवून लिहितो.

रामनवमीच्या आदल्या दिवशी ते पोहरादेवीच्या यात्रेला पोहोचले. गर्दी चिक्कार, ऊन डोक्यावर. बस एका कडेला लावली. बाहेरचा प्लग सकाळपासून भरलेला. तांड्यातांड्यांचे फोन, कुणाचा पंखा. कमलाबाई आत कूलरच्या वाऱ्यात पडून, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत होत्या. बळीरामभाऊ म्हणाले, तिला इतकी खूश मी लगनातही नाई पाह्यली.

विलासनं जवळच उसाची रसवंती लावली होती. दुपारी त्याचा भाड्याचा जनरेटर बंद पडला. समोर गिऱ्हाइकांची रांग. त्यानं वायर ओढली आणि काकूच्या बसच्या बाहेरच्या प्लगला चरख्याची मोटर लावली. खटका लगेच पडला. माझा खटका होता, त्यानं त्याचं काम केलं. विलासनं तो उचलला, पुन्हा पडला. मग तो वायर घेऊन बसमध्ये चढला.

"काकू, बाहीरचा प्लग काम करून नाई राह्यला."

"मंग अथी लाव ना बापू," कमलाबाई म्हणाल्या आणि उशाशी असलेला आतला प्लग दाखवला. त्यांच्या मशीनच्या शेजारचा.

मोटर फिरली. थोडा वेळ रस निघाला. मग कुणीतरी दोन ऊस एकदम घातले असतील, मोटर अडली असेल, काय ते देव जाणे. सेटचा मुख्य खटका पडला. कूलर थांबला, मशीन थांबलं. विलासचा चरखाही थांबला. त्याला वाटलं, चला, इथलीही लाइट गेली. त्यानं वायर खिडकीतून ओढून घेतली आणि पुढच्या दुकानदाराकडे गेला. त्याच्या रांगेतल्या लोकांना रस मिळाला.

करंट गेला की ते मशीन पीं पीं असं ओरडतं. पण बाहेर डफ वाजत होते, नगारे वाजत होते, भोंगे होते. यात्रेत ते ओरडणं म्हणजे चिमणी. छोटं सिलिंडर बसमध्येच होतं, पण ते उघडायची चावी ड्रायव्हरच्या सीटपाशी टांगलेली आणि कमलाबाईंना तिथपर्यंत जायला हवा लागत होती.

बळीरामभाऊ पाणी आणायला गेले होते. कॅन भरून परत आले. बसमध्ये चढण्याआधी सवयीनं त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. पेटी थरथरत होती. खटका पडला तरी इंजिन थोडंच थांबतं? करंट बाहेर जात नव्हता, इंजिन आपलं निवांत चालू होतं. हाताला समजलं की सगळं ठीक आहे. तेवढ्यात त्यांचा जुना कंडक्टर भेटला. कॅन खाली ठेवून दोघं बसच्याच सावलीत बोलत उभे राहिले. पत्र्याच्या एका बाजूला हे दोघं एसटीच्या गोष्टी काढत होते आणि दुसऱ्या बाजूला त्या. लाल दिवा विझलेला होता. तो पाहायला वर चढावं लागतं.

चढले तेव्हा कमलाबाईंचे ओठ काळेनिळे झाले होते. सिलिंडर लावलं. बस गर्दीतून निघेना, म्हणून लोकांनी त्यांना खाटेवर उचलून नेलं. जे फोन लावायला आले होते तेच खांदे द्यायला आले, हेही लिहिलं पाहिजे. मानोरा, तिथून वाशीम. आठवडा काढला त्यांनी. मी दवाखान्यात गेलो होतो. बोलू शकत नव्हत्या. मला ओळखून त्यांनी हाताचा तळवा पालथा केला, पेटीवर ठेवतात तसा. त्याचा अर्थ काय हे मला आजही सांगता येत नाही. मग त्या गेल्या.

त्यानंतर महिनाभर मी काय ऐकलं! जनरेटर डुप्लिकेट होता. भंगारातला होता. मिस्त्रीनं म्हाताऱ्याला फसवलं. सोयाबीनवाले शेटजी तर दुकानादुकानात सांगत होते, "म्या तं पहिलेच वळखलं होतं त्याले." ज्यांनी त्या प्लगवर फोन भरले त्यांच्याही तोंडी हेच. मला राग येत होता आणि त्या रागाला बसायला जागा मिळत नव्हती. राग विलासवर काढावा, तर एक दिवस विलासच वर्कशॉपवर आला.

"मले काय मालूम मिस्त्री, काकूचं मशीन त्याच्यावरच हाय? काकूच म्हने लाव."

"अन् करंट गेला तवा? तुहा चरखा बंद पडला, तं काकूचंही बंद पडलं असन, हे डोक्शात नाई आलं?"

डोळे भरले होते त्याचे, खोटं कशाला सांगू. मग नाक पुसून म्हणाला, "मिस्त्री, आता काका त्या बसचं काय करनार? तो जनरेटर सस्त्यात भेटन का? मले गाडीवरची रसवंती कराची हाय."

मी त्याला हाकलून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक हाकललं. वाटलं होतं बरं वाटेल, पण काही वाटलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी बळीरामभाऊ बस घेऊन आले. खाकी पँट होती, पण आत माणूस अर्धा. म्हणाले, "खोलून पाहा. काय बिघडलं होतं ते मले पाह्यचं हाय." मी पेटी उघडली. तेव्हापासून कुणी हात लावलेला नव्हता. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, तसंच गप्प. काही बिघडलेलं नव्हतं. एक खटका खाली पडलेला होता. मी तो बोटानं वर केला. पुढे लाल दिवा लागला, आणि बसमध्ये कूलर घरघरायला लागला.

"एवढंच?" बळीरामभाऊ म्हणाले.

"एवढंच."

"बोटाचं काम होतं?"

मी मान हलवली. ते पायरीवर बसले आणि त्या दिव्याकडे पाहू लागले. मला वाटलं, आता हे मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या पेटीला मी इतकं मऊ अस्तर लावलं, ते इंजिन इतकं शांत बसवलं, की भार पडून ते दबलं, कण्हलं, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. साधा खडखड्या सेट असता तर त्याच्या बदललेल्या आवाजानं या ड्रायव्हरचा कान उभा राहिला असता. हे त्यांना कळत होतं की नाही, माहीत नाही. मला कळत होतं. त्या दिवसापासून मी झाकणावर चहाचा पेला ठेवलेला नाही.

शेवटी ते उठले. म्हणाले, "नाशिकले जातो. लेकीचं घर पाहून येतो. तिले सांगाचं हाय ओट्यावर काय हाय ते." तिला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. मग बसच्या बाजूला जाऊन त्या प्लगवर त्यांनी अंगठा ठेवला. "मिस्त्री, हा काढून टाक. भोक बुजव."

मी वायर काढली, प्लग काढला, त्या मापाचा पत्रा कापला, तोवर बळीरामभाऊ आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. सेट तपासणीसाठी चालूच ठेवला होता. नाक्यावरची लाइट सकाळपासून गेलेली, आजूबाजूला तेवढ्या एकाच ठिकाणी करंट. मी रिव्हेट मारत असताना रस्त्यावरून एक म्हातारी आली, अनसिंगच्या बाजूची असावी. हातात बंद पडलेला साधा फोन. पोरगा घ्यायला येणार होता, पण तिचा फोन मेला होता. ती माझ्याशी बोललीच नाही. उजेड बसमध्ये होता, म्हणून सरळ बळीरामभाऊंना म्हणाली, "बापू, जरासा लावू दे ना. दोन मिन्टं."

बळीरामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या हाताशी आतला प्लग मोकळा होता.

"नाई," ते म्हणाले.

ती म्हातारी थबकली. ऐकण्यात चूक झाली असं तिला वाटलं असावं, कारण ती पुन्हा फोन पुढे करून उभी राहिली. आमच्या भागात एवढ्याशा गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही. बळीरामभाऊंनी हात मागे नेला आणि सेटची किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, कूलर थांबला, लाल दिवा विझला. "पाहा, बंद हाय," ते म्हणाले. म्हातारी "बरं बापू" म्हणून उन्हात चालत गेली.

मला माझा फोन तिला द्यायचं सुचलं, पण ती नजरेआड झाल्यावर. तोवर माझ्या हातात शेवटची रिव्हेट होती. ती मारली, पत्र्यावर अंगठा फिरवून पाहिला. इतका साफ बसला होता की तिथे कधी काही होतं असं कुणी म्हटलं नसतं. काम चांगलं झालं की माझं मन भरतं. त्या दिवशी मात्र मी पत्र्याकडे पाठ करून हत्यारं गोळा केली, आणि बळीरामभाऊंकडे पाहायचं धाडस मला झालं नाही.